मांजराचं खाणं निवडताना पाकीट उलटं करून वाचा

दूध-पोळी कुस्करून घातली की मांजर वाटी चाटूनपुसून ठेवतं. म्हणून ती त्याला मानवते असं नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, शी पातळ होते. आणि पोळीत त्याच्या कामाचं फारसं काही नसतं. मांजर पक्कं मांसाहारी आहे. गाजर-भोपळ्यातून अ जीवनसत्त्व बनवणं त्याच्या शरीराला जमत नाही, ते मांसातून तयारच मिळावं लागतं. टॉरिन या अमिनो आम्लाचंही तसंच. ते सतत कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा झिजतो आणि हृदयाचे स्नायू ताणून कमजोर होतात. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधनातून पुढे आला आणि तयार खाण्यातलं टॉरिन वाढवलं गेलं. कुत्र्याचं खाणं मांजराला चालत नाही ते याचमुळे: त्यात टॉरिन घालणं बंधनकारक नसतं.

घरात मांस शिजवायचं नसेल तर सरळ पाकिटातलं खाणं आणा. मांजराला शाकाहारी करायच्या फंदात पडू नका.

१. ‘कम्प्लीट’ हा शब्द शोधा

पुढचा मासा, हिरवी पानं, ‘प्रीमियम’ ही सगळी सजावट. पाकीट उलटं करा. ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असं लिहिलेलं असेल तरच ते रोजचं जेवण. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ लिहिलं असेल तर तो खाऊ. चाटायच्या क्रीमच्या नळ्या आणि नुसत्या ट्यूनाचे काही पाउच याच गटातले. वयही तिथेच दिलेलं असतं. एक वर्षापर्यंत पिल्लांचं, म्हणजे ‘किटन’चं घ्या.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या दोन-तीन नावांत चिकन, मासा किंवा त्यांची पूड हवी. एक चलाखी ओळखून ठेवा: मका, मक्याचं ग्लुटेन, तांदूळ, गहू असे तुकडे वेगवेगळे लिहिले की प्रत्येक जण यादीत खाली जातो; बेरीज केली तर मांसापेक्षा धान्यच जास्त निघतं.

२. पाणी वजा करून प्रथिनं मोजा

पाउचवर प्रथिनं ९ टक्के आणि ड्राय फूडवर ३२ टक्के दिसली की पाउच निकृष्ट वाटतो. पण पाउचमध्ये ८३ टक्के पाणीच आहे. उरलेल्या १७ भागांत ९ भाग प्रथिनं, म्हणजे ५३ टक्के. ड्राय फूडमध्ये पाणी १० टक्के. ९० मध्ये ३२, म्हणजे साधारण ३६ टक्के. अमेरिकी मानकात असा कोरडा हिशेब धरून मोठ्या मांजराला किमान २६ आणि पिल्लाला ३० टक्के लागतात. ते किमान आहे. ३५च्या वर असेल तर बरं.

३. रोजचं माप ठरवा

घरातच राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला अंदाजे २०० कॅलरी पुरतात. पाकिटावर कॅलरी छापलेल्या नसतील तर स्वतः काढा. त्याच ड्राय फूडमध्ये स्निग्धांश १०, तंतू ४, राख (म्हणजे खनिजं) ८ टक्के धरली तर १०० मधून पाणी-प्रथिनांसकट सगळं वजा जाऊन ३६ टक्के पिष्ट उरतं. प्रथिनं आणि पिष्ट यांना ३.५ ने, स्निग्धांशाला ८.५ ने गुणा: ११२ + १२६ + ८५ = ३२३ कॅलरी, १०० ग्रॅमला. म्हणजे दिवसाला ६२ ग्रॅम. वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. रोज १० ग्रॅम जास्त पडले तरी ते १६ टक्के जास्त होतात, आणि नसबंदीनंतर बोके सुटतात ते असेच.

वरच्यासारख्या ८० ग्रॅमच्या पाउचमधून जेमतेम ५० कॅलरी मिळतात. खिशाला परवडेल असा मेळ म्हणजे एक पाउच आणि ४५ ग्रॅम ड्राय फूड. मांजर मुळात पाणी कमी पितं. चार किलोच्या मांजराला सगळं मिळून दिवसाला २०० मिलि.च्या आसपास पाणी लागतं. ६२ ग्रॅम ड्राय फूडमधून त्यातलं फक्त ६ मिलि. येतं, एका पाउचमधून ६६.

४. घरचं काय द्यावं

बिनमिठाचं उकडलेलं चिकन, हाड काढून, १२-१५ ग्रॅम. वरखाऊ म्हणून एवढं पुरे. रोज नुसतं चिकन दिलं तर फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. अशाने पिल्लांची हाडं साध्या उडीनेही मोडतात. रोज कलेजी दिली तर अ जीवनसत्त्व साठत जाऊन मान आखडते. रश्श्यातला तुकडा धुऊनही नको: कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात. सुकट-जवळ्यात मीठ फार, आणि काही कच्च्या माशांमुळे बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

५. सुटं घेऊ नका, एकदम बदलू नका

दुकानात मोठं पोतं फोडून किलोवर विकतात ते स्वस्त पडतं, पण ते कधी फोडलं ते कळत नाही. हवेने त्यातली चरबी खवट होते, पावसाळ्यात बुरशी धरते. महिन्याभरात संपेल एवढंच पाकीट घ्या आणि पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

नवं खाणं आठवड्याभरात आणा: दोन दिवस पाव भाग, दोन दिवस अर्धा, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. नाक मुरडलं तर पाउच कोमट पाण्यात बुडवून द्या, वास सुटला की खातं. ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट मात्र नको. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. २४ तासांत काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. आणि बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसतोय पण लघवी होत नाही असं दिसलं, तर खाणं बदलून पाहत बसू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.