स्पॅम मेल हटवा, पण कामाचे मेल हातचे घालवू नका

स्पॅमचं नाव काढलं की कुणीतरी सांगतंच, 'पाठवणाऱ्याला ब्लॉक कर.' करून बघा. उद्या तोच मेल वेगळ्या पत्त्यावरून येईल, कारण हे लोक पत्ता एकदा वापरतात आणि टाकून देतात. ब्लॉक हे ओळखीच्या उपद्रवी माणसासाठी ठीक.

स्पॅम नुसता डिलीट करू नका, 'रिपोर्ट स्पॅम' दाबा. डिलीट केल्याने फिल्टर काही शिकत नाही.

बाहेरची चित्रं आपोआप दिसणं सेटिंगमध्ये बंद करा. ठिपक्याएवढ्या अदृश्य चित्रावरून तुम्ही मेल उघडल्याचं पाठवणाऱ्याला कळतं.

ज्यांच्याकडे स्वतः नाव नोंदवलं होतं, त्यांनाच अनसबस्क्राइब करा. तेही शक्यतो पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी मेलसेवेने दिलेल्या बटणावरून. अनोळखी मेलमधली तीच लिंक दाबलीत, तर हा पत्ता चालू आहे अशी पावतीच तुम्ही फाडून दिलीत.

आता स्वतःचा फिल्टर लिहिणं. माझं घोडं इथेच पेंड खात होतं. 'ऑफर' हा इंग्रजी शब्द दिसला की मेल थेट कचऱ्यात, असा नियम मी मोठ्या हुशारीने लिहिला होता. इनबॉक्स दोन महिने आरशासारखा लख्ख. मग एका कंपनीतून फोन आला, 'तुम्ही उत्तरच दिलं नाही?' त्यांचं ऑफर लेटर माझ्याच नियमाने गिळलं होतं, आणि जीमेल कचरा ३० दिवसांनी कायमचा पुसतं. मी शोधायला गेलो तेव्हा तिथे काहीच नव्हतं.

तेव्हापासून शब्दांवर फिल्टर लावत नाही. तुम्हीही लावू नका. 'बक्षीस', 'मोफत', 'तातडीचे' हे शब्द मित्रही लिहितात. मेल कोणत्या पत्त्यावर आला, ते बघा. जीमेलमध्ये @ चिन्हाच्या आधी, आपल्या नावापुढे अधिक चिन्ह आणि कुठलाही शब्द जोडला तरी मेल तुमच्याकडेच येतो. साइटवर नोंदणी करताना अधिक चिन्हापुढे त्या साइटचं नाव लिहा. मग फिल्टरच्या 'टू' या रकान्यात तो पूर्ण पत्ता टाका. शिवाय पत्ता कुणी विकला, तेही उघडं पडतं. काही अर्ज अधिक चिन्ह स्वीकारत नाहीत; तिथे मी नोंदणीसाठी ठेवलेलं दुसरं खातं देतो.

फिल्टरला काम द्यायचं ते लेबल लावण्याचं आणि इनबॉक्स टाळण्याचं. 'डिलीट' कधीच नाही. पंधरा दिवस ते लेबल उघडून बघा. एकही कामाचा मेल सापडला, तर नियम चुकलाय.

स्पॅमच्या फोल्डरमध्येही आठवड्यातून एकदा डोकवा, तिथेही मुदत ३० दिवसांचीच. कामाचा मेल दिसला तर 'नॉट स्पॅम' दाबा. नुसता वाचून सोडलात तर त्याच माणसाचा पुढचा मेलही तिथेच जाऊन पडायचा.