ऑफिसातल्या एसीची ओढाताण कशी थांबवावी

पुण्यातल्या आमच्या ऑफिसची देखभाल मी बघते. रिमोट कपाटात कोंडण्याआधी एक करा: जो सारखा एसी बंद करतो, त्याच्या खुर्चीत थोडा वेळ बसून बघा. छतात बसवलेल्या कॅसेट एसीच्या झोताखाली २४ अंशांतही मान आखडते, आणि पश्चिमेच्या काचेजवळ तेवढ्याच तापमानात घाम फुटतो. आधी झोताची दिशा बदलणारी एसीची पाती वळवा, काचेला पडदे लावा, फिल्टर धुऊन घ्या. पातीवर कुणी पुठ्ठा चिकटवला असेल तर रागावू नका, तिथे खाली कोण बसतं ते विचारा.

मग कुलूप. भिंतीवरच्या बऱ्याच कंट्रोलरना तापमानाची मर्यादा घालता येते. सर्व्हिसवाल्याकडून २४ ते २६ करून घ्या, पासवर्ड दोघांकडेच ठेवा. स्टार लेबलच्या रूम एसीचं मूळ सेटिंगही २०२० पासून २४ आहे. साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला एसी १८ वर टाकला म्हणून खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर तेवढा जास्त वेळ चालतो. हे नोटीस लावून नाही, समोर बसून सांगा. आणि गरम-गार वाटलं तर कुणाला फोन करायचा, ते नाव रिमोटच्या जागी लिहून ठेवा. तो फोन मात्र लगेच उचलला गेला पाहिजे.