बेटावर चांगली कॉफी कशी हेरावी

बेटाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर निघण्याआधी मी रोस्टरी, म्हणजे कॉफीच्या बिया भाजणारी जागा, शोधते. तिथे सरळ विचारायचं, "तुमच्याकडून कॉफी कोणते कॅफे घेतात?" अर्धा नकाशा तिथेच तयार होतो.

कॅफेत शिरल्यावर पाटीपेक्षा मशीनची वाफेची नळी बघा. दूध तापवून झालं की लगेच ओल्या फडक्याने पुसून, वाफ सोडून ती साफ करत असतील, तर खुशाल बसा. नळीवर दुधाचा पिवळट थर वाळलेला दिसला की मी मागे फिरते. बिया ऑर्डरनंतरच दळायला हव्यात. पहिल्यांदा एस्प्रेसोच, म्हणजे बिनदुधाची छोटी कडक कॉफी, मागवा; दुधात बरेच दोष लपतात.

छोट्या गावांतले कॅफे बरेचदा दुपारीच बंद होतात, त्यामुळे लांबचा टप्पा सकाळीच गाठा. आवडल्या तर बिया सोबत घ्या, पण न दळता.