मोर्ले कुठून निवडून आले? वहीत असं मांडा

वाईत मी मुलांना इतिहास शिकवते. मोर्ले-मिंटो सुधारणांचा धडा आला की आधी ब्रिटिश खासदार मोर्लेंचा मतदारसंघ काढायला लावते: स्कॉटलंडमधला मॉन्ट्रोज बर्ग्ज (बर्ग म्हणजे शहर).

नकाशावर मॉन्ट्रोज, अर्ब्रोथ, ब्रेचिन, फॉरफर, इन्व्हरबर्वी या पाच गावांभोवती लाल गोल करा. मधली खेडी मात्र कोरी ठेवा, इथेच मुलं हमखास चुकतात. सुट्या पाच गावांचा मिळून एक खासदार! जणू वाई, कराड, फलटण एकात आणि मधलं शिवार दुसऱ्याच्या वाट्याला.

खाली काळाची रेघ ओढा: मतदारसंघ १८३२ ला सुरू, १९५० ला बंद. तिच्यावर मोर्ले, १८९६ ते १९०८. १९०५ ला ते भारतमंत्री, म्हणजे भारताचा कारभार पाहणारे ब्रिटिश मंत्री झाले, तिथे ठळक खूण करा. १९०८ च्या खुणेशेजारी लिहा: मोर्ले भारतमंत्री असतानाच टिळकांना मंडालेची शिक्षा.