दोन स्टेजमधलं मॅचिंग: पन्नास ओहमचा वळसा टाळून

रबाळे एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे. मायक्रोवेव्हचे अॅम्प्लिफायर बनवणं आणि दुरुस्त करणं हे रोजचं काम. डिप्लोमा करून नवीन आलेला पोरगा दोन ट्रान्झिस्टरचं, म्हणजे दोन स्टेजचं, सर्किट मांडायला बसला की हमखास एकच करतो. पहिल्याचं आउटपुट मॅचिंग करून (म्हणजे पॉवर पूर्ण जावी म्हणून दोन्हीकडचा इम्पिडन्स, एसी करंटला होणारा विरोध, जुळवून) ५० ओहमला आणतो, दुसऱ्याचं इनपुटही ५० ओहमला आणतो आणि दोन्ही जोडून टाकतो. चालतं तसं, पण ऐरोलीहून रबाळ्याला जायला आधी ठाण्याला जाऊन यावं, तसला हा प्रकार आहे. ५० ओहम हे केबल, कनेक्टर आणि मापाच्या यंत्रांसाठी ठरलेलं आहे. बोर्डावर शेजारी बसलेल्या दोन ट्रान्झिस्टरांमध्ये ना केबल असते, ना कनेक्टर. मग तिथे चार-पाच जास्तीचे पार्ट आणि त्यांचा लॉस कशाला?

दोन्ही स्टेज वेगवेगळ्या मोजून मगच जोडायच्या असतील, तर मात्र खुशाल ५० वर या. पहिलाच बोर्ड असेल तर मीही तेच सांगतो. पुढचं सगळं दुसऱ्या बोर्डापासूनचं समजा.

आधी क्रम ठरवा. ट्रान्झिस्टरचं एस-१२ (आउटपुटकडून इनपुटकडे उलटी जाणारी गळती) शून्य नसतं, त्यामुळे एका टोकाला काय जोडलंय यावर दुसऱ्या टोकाचा इम्पिडन्स बदलतो. म्हणून पहिल्या स्टेजचं इनपुट, म्हणजे नॉइजचं मॅचिंग, पक्कं करा. दुसऱ्या स्टेजचं आउटपुटही पक्कं करा. मधला सांधा सगळ्यात शेवटी. डेटाशीटमधलं एस-२२ (आउटपुटचं परावर्तन) जसंच्या तसं उचलू नका. ते दुसऱ्या टोकाला ५० ओहम असताना मोजलेलं असतं. बायसचा (ट्रान्झिस्टर चालू ठेवणारा डीसी) करंटही तपासा. १० मिलिअॅम्पिअरची एस-पॅरामीटरची फाइल घेऊन ट्रान्झिस्टर २५ वर चालवला, तर गणित कितीही बरोबर असलं तरी बोर्ड ऐकणार नाही. मॉडेल जोडून मधल्या बिंदूवर दोन्हीकडचा इम्पिडन्स बघायला क्यूक्ससारखं फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं.

आता हिशोब. फ्रीक्वेन्सी २.४ गिगाहर्ट्झ. उदाहरणापुरते आकडे घेऊ: पहिल्याचं आउटपुट ६० ओहम आणि वजा ४० चा रिअॅक्टन्स (कॉइल किंवा कपॅसिटरमुळे होणारा विरोध; वजा म्हणजे कपॅसिटरसारखा), दुसऱ्याचं इनपुट १२ ओहम आणि वजा १८. दोन्ही कपॅसिटिव्ह आहेत, बहुतेक वेळा तसंच असतं. पहिल्याला समांतर रूपात लिहा: ८६.७ ओहमचा रेझिस्टन्स आणि त्याला समांतर ७.७ मिलिसीमेन्सचा कपॅसिटिव्ह ससेप्टन्स (समांतर जोडणीत रिअॅक्टन्सऐवजी धरायचं माप). ८६.७ भागिले १२, त्यातून एक वजा करून वर्गमूळ काढलं की क्यू (रिअॅक्टन्स आणि रेझिस्टन्सचं गुणोत्तर) २.४९ येतो. म्हणजे १२ ओहमच्या बाजूला मालिकेत एकूण २९.९ ओहमचा रिअॅक्टन्स हवा.

इथे दोन वाटा फुटतात. पुस्तकी वाट लो-पासची (खालच्या फ्रीक्वेन्सी जाऊ देणारी): मालिकेत ३.२ नॅनोहेन्री, ड्रेनकडे (पहिल्याच्या आउटपुटच्या टोकाला) ग्राउंडला १.४ पिकोफॅरड. दुसरी वाट हाय-पासची (खालच्या फ्रीक्वेन्सी अडवणारी): मालिकेत ५.६ पिकोफॅरड, ड्रेनकडे ग्राउंडला १.८ नॅनोहेन्री. पार्ट दोन्हीकडे दोनच. तरीही मी जवळजवळ नेहमी हाय-पास घेतो. मालिकेतला कपॅसिटर आपोआप डीसी अडवतो आणि ग्राउंडकडच्या कॉइलमधून ड्रेनचा सप्लाय देता येतो (कॉइलचा पायथा सप्लायला जोडायचा आणि तिथून एका कपॅसिटरने ग्राउंडला न्यायचा), म्हणजे वेगळा ब्लॉकिंग कपॅसिटर आणि वेगळा चोक दोन्ही वाचले. त्याहून मोठा फायदा खालच्या फ्रीक्वेन्सीत आहे. ट्रान्झिस्टरला २०० मेगाहर्ट्झला नको तेवढा गेन (सिग्नलची वाढ) असतो आणि बोंबा, म्हणजे ऑसिलेशन (सर्किट आपोआप सिग्नल तयार करू लागणं), तिथूनच सुरू होतात. तिथे १.८ नॅनोहेन्री म्हणजे जेमतेम २.३ ओहम, जवळजवळ शॉर्ट. गेन बसलाच. लो-पासमध्ये तोच गेन बिनअडथळा दुसऱ्या स्टेजला पोचतो.

बँड रुंद हवा असेल तर एका उडीत ८६.७ वरून १२ वर येऊ नका. मध्ये ३२ ओहमचा टप्पा घ्या, तो दोघांचा गुणोत्तर मध्य आहे. दोन सेक्शन होतील, पण प्रत्येकाचा क्यू १.३ वर येतो, आणि क्यू जितका कमी तितका बँड रुंद.

मग दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या गेटच्या (इनपुटच्या टोकाच्या) मालिकेत ४.७ ओहमचा रेझिस्टर टाका. इथे हमखास प्रश्न येतो, ‘सर, गेन का जाळायचा?’ मॅचिंग पुन्हा जमवल्यावर १.४ डीबी जातो, खरं आहे. पण तो कुठे जातो ते बघा. पहिल्या स्टेजचा गेन १५ डीबी आणि नॉइज फिगर (स्टेज स्वतः किती नॉइज मिसळते त्याचं माप) ०.८ डीबी, दुसरीची २ डीबी धरली, तर रेझिस्टरशिवाय एकूण नॉइज फिगर ०.८७ येते आणि रेझिस्टरसकट ०.९४. हाच लॉस पहिल्या ट्रान्झिस्टरच्या आधी घातला असता तर आकडा २.३ वर गेला असता. साऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये लॉस स्वस्तात मिळण्याची जागा हीच. स्टॅबिलिटी (ऑसिलेशनपासून सुटका) इथेच विकत घ्या. रेझिस्टर आला की १२ चे १६.७ ओहम होतात आणि क्यू २.०५ वर उतरतो. नव्या किमती: मालिकेत ४.१ पिकोफॅरड, ग्राउंडला २.१ नॅनोहेन्री. बँडही थोडा रुंदावला.

कागद इथे संपतो आणि खरी गंमत बोर्डावर सुरू होते. २.१ नॅनोहेन्रीची कॉइल कॅटलॉगमधून उचलून डोळे मिटून लावायची नाही. १.६ मिलिमीटर जाडीच्या एफआर-४ च्या (नेहमीच्या फायबरग्लासच्या) बोर्डात एका बारीक व्हायाचाच (बोर्डाच्या आरपार जाणाऱ्या, तांब्याने मढवलेल्या भोकाचाच) इंडक्टन्स साधारण १ नॅनोहेन्री किंवा थोडा वर असतो. म्हणजे कॉइलच्या पायथ्याच्या कपॅसिटरला ग्राउंडला नेणारा एकच व्हाया दिला, तर हवी असलेली निम्मी कॉइल तुम्ही न लावताच लागली. कपॅसिटरच्या पॅडला चिकटून तीन व्हाया द्या, जमलं तर ०.८ मिलिमीटरचा बोर्ड घ्या, आणि उरलेला इंडक्टन्स मॉडेलमध्ये धरून मगच कॉइलची किंमत कमी करा. तो कपॅसिटरही १०० नॅनोफॅरडचा एकटा चालणार नाही. ०४०२ या छोट्या साइझमधला ८ ते १० पिकोफॅरडचा घ्या. स्वतःच्या अर्ध्या नॅनोहेन्रीच्या आसपासच्या इंडक्टन्समुळे तो २.४ गिगाहर्ट्झच्या आजूबाजूलाच सीरिज रेझोनन्सला येतो (त्याचा कपॅसिटन्स आणि इंडक्टन्स एकमेकांना खोडतात) आणि चांगला शॉर्ट देतो. मोठे कपॅसिटर त्याच्या मागे, मध्ये १० ओहम ठेवून. पावसाळ्यात इकडे बोर्ड दमट होतात, म्हणून सोल्डरिंगच्या आधी ओव्हनमध्ये १०५ अंशांवर दोन-चार तास वाळवून घेतो.

स्टॅबिलिटी बघताना एक फसवी जागा आहे. अख्ख्या दोन-स्टेज अॅम्प्लिफायरचा के फॅक्टर (स्टॅबिलिटी तपासायचा आकडा) १ च्या वर दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. के बाहेरच्या दोन पोर्टांवरून काढतात. आतल्या सांध्यावर ऑसिलेशन असेल तर त्याला पत्ताही नसतो. प्रत्येक ट्रान्झिस्टर आधी एकटा तपासा. मग सांध्यावर डावीकडे आणि उजवीकडे बघताना दिसणाऱ्या परावर्तन गुणांकांचा (किती सिग्नल परत फिरतो त्या आकड्यांचा) गुणाकार काढा. तो खालपासून वरपर्यंत, ट्रान्झिस्टरला गेन आहे तिथपर्यंत, १ च्या खाली राहिला पाहिजे. फक्त २.४ ला बघून भागत नाही. हाय-पासचा तो खालचा जवळजवळ शॉर्ट एखाद्या ट्रान्झिस्टरच्या अस्थिर भागात पडू शकतो. पडलाच तर सप्लायकडच्या त्या १० ओहमच्या जागा आणि किमतीत फेरफार करून बघा.

ट्यूनिंगला सांधा मोजता येत नाही, प्रोब टेकवला की सर्किटच बदलतं. म्हणून एका डोळ्याने एस-२१ (गेन) आणि दुसऱ्याने दोन्ही ड्रेनचे करंट बघायचे. टूथपिकच्या टोकाला तांब्याच्या पट्टीचा तांदळाएवढा तुकडा चिकटवा आणि मालिकेतल्या कपॅसिटरजवळून, मग कॉइलजवळून फिरवा. गेन जिथे वाढतो तिथल्या पार्टची किंमत अजून थोडी बदलायला हवी. गेन तसाच राहून करंट उडी मारत असेल, तर ते मॅचिंगचं दुखणं नाही, कुठेतरी ऑसिलेशन चालू आहे.

झाकण लावून पुन्हा मोजा. ६० बाय ४० मिलिमीटरचा डबा ४.५ गिगाहर्ट्झच्या आसपास रेझोनन्सला येतो आणि तिथेही ट्रान्झिस्टरला भरपूर गेन असतो. झाकण बसताच करंट हलला तर झाकणाच्या आतून अॅब्सॉर्बर शीट लावा किंवा दोन स्टेजच्या मध्ये धातूची भिंत उभी करा. भिंतीला सांध्याच्या लाइनपुरती खाच ठेवायची, त्याहून मोठी नाही.