कथेतला नेता फसतो कुठे? या चुका टाळा

कादंबरीत किंवा नाटकात नेता उभा करायचा म्हटलं की लेखकाची सगळी शाई नेत्यावरच खर्च होते. नजर भेदक, आवाज करारी, चाल राजबिंडी. एवढं करूनही पात्र कागदावर आडवंच राहतं. अशा वेळी नेत्याला आणखी विशेषणं चिकटवण्याआधी त्याच्या मागे कोण चालतंय ते बघावं. दुखणं बहुधा तिथे असतं.

अनुयायी म्हणजे नुसता जमाव

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. 'लोक भारावून गेले' एवढं लिहून लेखक मोकळा होतो. का भारावले, किती वेळासाठी, आणि कोण भारावलं नाही?

शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधली सभा आठवा. सीझरला का मारलं हे मारेकऱ्यांपैकी एक असलेला ब्रूटस लोकांना समजावतो: त्याची महत्त्वाकांक्षा रोमला गुलाम करणार होती. लोकांना पटतं, आणि गर्दीतला एक जण ओरडतो, यालाच सीझर करा! ब्रूटसचं अख्खं राजकारण त्या एका आरोळीत बुडतं. मग सीझरचा मित्र अँटनी बोलतो आणि तीच माणसं ब्रूटसचं घर जाळायला निघतात. पुढच्याच प्रवेशात सिना नावाचा एक कवी, कटातल्या दुसऱ्या सिनाशी केवळ नामसाधर्म्य असल्यामुळे, त्यांच्या तावडीत सापडतो.

'घाशीराम कोतवाल'मध्ये (1972) ओळीने उभ्या ब्राह्मणांची भिंत नाचते, पाठ फिरवते, गर्दी होते. नाना नामानिराळा राहतो आणि घाशीराम लोकांच्या हाती जातो. ती भिंत काढून टाकली तर एक लंपट कारभारी आणि एक सूडाने पेटलेला माणूस एवढंच उरेल.

विरोधी सूर काढणाराही हवा, आणि तो शक्यतो खालच्या पायरीवरचा. 'इलियड'च्या दुसऱ्या सर्गात थर्सायटीस ग्रीकांचा सेनापती ॲगामेम्नॉनला लोभी म्हणून भर सभेत सुनावतो. ओडिसियस त्याच्या पाठीत राजदंड हाणतो आणि सैनिक हसतात. पहिल्या सर्गात बलाढ्य योद्धा अकिलीसने जवळपास हेच आरोप केले होते, पण त्याच्यावर हात टाकायची कुणाची छाती झाली नव्हती. त्या छावणीत सत्ता कशी चालते हे या दोन प्रसंगांतून जितकं कळतं, तितकं दहा भाषणांतून कळणार नाही.

मसुदा अडलाच असेल तर सभेचा प्रसंग शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या नजरेतून पुन्हा लिहून पाहा. इथे येऊन त्याला काय मिळणार आहे? आला नसता तर काय झालं असतं? उत्तर सुचत नसेल तर तुमच्या नेत्याला अनुयायी नाहीत, प्रेक्षक आहेत.

प्रत्येक हुकूम तामील होतो

नेता बोलला आणि झालं, असं कथेत सतत घडू लागलं की ताण संपतो. टॉलस्टॉयने 'युद्ध आणि शांती'त याची उलटी बाजू दाखवली. बोरोदिनोच्या लढाईत नेपोलियन आज्ञा सोडत राहतो, पण रणांगणावरची परिस्थिती इतकी झपाट्याने बदलते की त्या पाळताच येत नाहीत. ऑस्टरलिट्झच्या आदल्या रात्री लढाईची योजना वाचली जात असताना रशियन सेनापती कुतुझोव चक्क झोपतो. टॉलस्टॉय हा मुद्दा पुढे फार ताणतो, असं मला वाटतं. पण हुकूम आणि घटना यांच्यात फट ठेवायची हे त्याच्याकडून शिकावं.

नेता म्हणजेच नायक

तसं काही बंधन नाही. सीझर पाच अंकी नाटकाच्या तिसऱ्या अंकातच मरतो.

विजयापाशी पडदा

झेंडा फडकला, कथा संपली. महाभारत मात्र कुरुक्षेत्रावर थांबत नाही. युद्ध जिंकलेला युधिष्ठिर शांतिपर्वात राज्यच नको म्हणतो. भावांना, द्रौपदीला, कृष्णाला त्याची समजूत घालावी लागते. मग शरपंजरी पडलेला भीष्म त्याला राजधर्म सांगत बसतो. जिंकल्याचा हिशेब नेत्याच्या अंगावर कसा येतो, हे दाखवायला पाच-सात पानं तरी राखून ठेवा.

हा नक्की कोण?

ही चूक वाचकांची, आणि समीक्षकही तीत उत्साहाने सामील होतात. नेता दिसला की खऱ्या पुढाऱ्याशी जोडी लावायची आणि पुस्तक मिटायचं. लेखक स्वतः रूपकाच्या खुणा पेरतो तिथे हे ठीक आहे. पण गार्सिया मार्केसच्या 1975 मध्ये आलेल्या, एका हुकूमशहावरच्या 'द ऑटम ऑफ द पेट्रिआर्क' या कादंबरीला ही किल्ली लागत नाही. तो म्हातारा अनेक हुकूमशहांच्या तुकड्यांतून बनलेला आहे. कादंबरी सुरू होते ती लोक त्याच्या वाड्यात शिरतात तिथून. निवेदनाचा सूर 'आम्ही' असा. समोर प्रेत पडलेलं आहे, पण ते त्याचंच का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण त्यांच्यापैकी कुणीच त्याला कधी पाहिलेलं नाही. आणि याआधीही एकदा तो मेला असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.