डायल बॅकअप रात्रंदिवस चालू राहतो? या चुका टाळा

रावेरच्या शाखेतून फोन आला तो लाइन पडल्याचा नव्हता, बिलाचा होता. "काय भो, मेन लाइन महिनाभर पडलीच नाही, मग आयएसडीएनचं बिल एवढं कसं?" आयएसडीएन म्हणजे मेन लाइन पडली तरच राउटरने फोन लावून जोडायची बॅकअप लाइन, कॉल जितका वेळ चालू तितकं बिल. जळगावहून निघालो, सावद्याजवळ केळीच्या ट्रकांमागे तासभर अडकलो आणि दुपारी राउटरसमोर बसलो.

'शो डायलर' ही कमांड मारली. कॉल कशामुळे लागला त्या ओळीत सोर्स आपलाच राउटर, डेस्टिनेशन 224.0.0.5. हा ओएसपीएफचा, म्हणजे राउटरांना एकमेकांचे रूट कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा, हॅलो: 'मी जिवंत आहे' असा निरोप. तो दर 10 सेकंदांनी जातो आणि आयडल टायमर, म्हणजे कामाचा ट्रॅफिक नसेल तर कॉल तोडणारं घड्याळ, 120 सेकंदांचा. टायमर जरा उतरला की हॅलो जातो, टायमर परत 120 वर. मग लाइन कटणार कधी? डायलर-लिस्टमध्ये, म्हणजे कोणत्या पॅकेटसाठी फोन लावायचा त्या यादीत, कुणीतरी सरसकट 'परमिट आयपी' लिहून हात झटकले होते. तुमच्याकडे ओएसपीएफऐवजी ईआयजीआरपी असेल तर 224.0.0.10 दिसेल, रिप व्हर्जन 2 असेल तर 224.0.0.9.

मी डायलर-लिस्टमध्ये ओएसपीएफ डिनाय केला आणि खुशीत परतलो. खरी चूक इथे झाली, आणि ती माझी. आठच दिवसांत जेसीबीने केबल तोडली आणि शाखा ठप्प. आयएसडीएन शाबूत, पण कॉलच लागेना. रूट मिळायला नेबर (पलीकडचा ओएसपीएफ राउटर) हवा, नेबरला कॉल हवा, कॉलला ट्रॅफिक हवा आणि ट्रॅफिकला रूट! त्यासाठी डायलरकडे बोट दाखवणारा फ्लोटिंग स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेला राखीव रूट, लागतो. त्याचा डिस्टन्स (ज्याचा आकडा कमी तो रूट आधी) ओएसपीएफच्या 110 पेक्षा जास्त ठेवा, मी 200 देतो. आकडा द्यायचा विसरलात तर तो 1 धरला जातो आणि मेन लाइन धडधाकट असूनही सगळा माल आयएसडीएनवरून जातो. हेड ऑफिसच्या राउटरवरही परतीचा तसाच रूट हवा. नाहीतर कॉल लागतो, पिंग मात्र परत येत नाही.

एक गैरसमज फार जणांचा असतो. डायलर-लिस्टमधला डिनाय पॅकेट अडवत नाही. त्या पॅकेटसाठी फोन फिरवायचा नाही आणि टायमर मागे न्यायचा नाही, एवढंच तो सांगतो. कॉल आधीच लागलेला असेल तर हॅलो खुशाल पलीकडे जातो.

ओएसपीएफ डिमांड-सर्किट (फोन लाइनवर हॅलो दाबून ठेवणारी सोय) वापरत असाल तर नेटवर्क टाइप ब्रॉडकास्ट ठेवू नका, हॅलो दबत नाहीत. शाखा टोटली स्टबी एरियात, म्हणजे बाहेरचे रूट-बदल आत न येणाऱ्या भागात, टाका. नाहीतर चोपड्याच्या शाखेची लाइन फडफडली की रावेरचा फोन वाजतो.

चाचणीचंही सांगतो. बॅकअप इंटरफेस (मेन पडला की आपोआप उठणारा) लावला असेल आणि तुम्ही मेन इंटरफेसला 'शटडाउन' दिलंत, तर बॅकअप उठत नाही. आपण मुद्दाम बंद केलंय असं राउटर समजतो. केबलच उपसा. फ्रेम रिलेमध्ये, जिथे मधे टेलिकॉम कंपनीचं नेटवर्क असतं, तर पलीकडचं टोक मेलं तरी इकडचा फिजिकल इंटरफेस अप दिसू शकतो, तिथे फ्लोटिंग स्टॅटिकच बरा.

आता रावेरला आयएसडीएनच्या जागी फोरजी डोंगल आहे. परवा तिथूनच विचारणा आली: डेटा पॅक दहा तारखेलाच कसा संपतो?